बॅटरीसाठी सिरॅमिक पेलेट भाजायची कशी: गार्नेट इलेक्ट्रोलाइट, पावडरीपासून इम्पिडन्सपर्यंत

सॉलिड स्टेट बॅटरी (जिच्यात आयन वाहून नेणारा इलेक्ट्रोलाइट द्रव नसून घन असतो) हा शब्द आता सगळ्यांच्या कानावरून गेलाय, पण तिच्यातली ती पांढरी सिरॅमिक चकती भट्टीतून नीट बाहेर कशी काढायची हे सांगणारं फार कमी सापडतं. पेपरमधे दोन ओळीत उरकलेलं असतं, इतक्या तापमानाला इतके तास भाजलं आणि झालं, आणि मग आपण तेच करायला जातो तर पेलेट कधी वाकडी येते, कधी चिकटून बसते, कधी चार दिवसांनी डबीतच भुगा होते. नव्याने लॅबमधे आलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय, ज्यांच्याकडे एक बॉक्स फर्नेस, पेलेट प्रेस, एक्सआरडी (एक्स-रेने स्फटिकाची रचना तपासायचं मशीन) आणि इम्पिडन्सचं (पेलेटमधून आयन किती सहज जातात ते मोजायचं) मशीन वापरायला मिळतं. घरी करायची गोष्ट नाही ही, लिथियमची क्षारं नाकातोंडात जाऊ द्यायची नसतात आणि भट्टी ११५० डिग्रीला असते.

बनवायचंय ते एलएलझेडओ, म्हणजे लिथियम, लँथॅनम, झिर्कोनियम आणि ऑक्सिजनचं गार्नेट (गार्नेट या खनिजासारखी रचना असलेलं सिरॅमिक). सगळ्यात आधी हे कुठून आलं ते सांगतो, कारण ती गोष्ट कळली की पुढच्या निम्म्या सूचना आपोआप कळतात. सिरॅमिकमधून आयन पळू शकतात हे बॅटरीवाल्यांना १९६७ मधेच समजलं होतं, फोर्ड कंपनीच्या लॅबमधे याओ आणि कुमर यांनी बीटा ॲल्युमिनामधून सोडियम किती झपाट्याने जातो ते दाखवलं. १९७६ ला हाँग आणि गुडइनफ यांचं नॅसिकॉन आलं, तेही सोडियमचंच. लिथियमसाठी असं काही हवं होतं जे लिथियम धातूला लागूनही टिकेल, आणि २००७ मधे जर्मनीत कील विद्यापीठात रामस्वामी मुरुगन, वेंकटरामन थंगदुरई आणि वेर्नर वेप्नर यांनी एलएलझेडओ जाहीर केलं, २५ डिग्रीला साधारण ०.३ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर. नेहमीच्या लिक्विड इलेक्ट्रोलाइटची कंडक्टिव्हिटी १० च्या आसपास असते, त्यापुढे ०.३ कमी वाटेल, पण लिक्विडमधे करंटचा निम्म्याहून जास्त भाग ॲनायन (ऋण आयन) वाहून नेतात आणि गार्नेटमधे जवळपास सगळा करंट लिथियमचाच असतो, त्यामुळे हा आकडा लहान समजू नका.

आणि मग गंमत अशी झाली की बाकीच्यांनी अगदी तोच फॉर्म्युला घेऊन तेच बनवायला घेतलं तर कुणाकुणाला वेगळंच मटेरियल मिळालं. क्युबिक (तिन्ही बाजू सारख्या) ऐवजी टेट्रागोनल (एक बाजू वेगळी) रचना, आणि कंडक्टिव्हिटी शंभर पटींहूनही जास्त घसरलेली. फॉर्म्युला तोच, वजनं तीच, मग फरक कशात? पुढच्या तीन-चार वर्षांत उलगडलं की फरक क्रुसिबलमधे, म्हणजे पावडर भाजायच्या भांड्यात, होता. ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) क्रुसिबलमधून थोडंसं ॲल्युमिनियम पावडरीत शिरत होतं आणि त्यानेच क्युबिक रचना धरून ठेवली होती. म्हणजे कृतीत ज्याचा घटक म्हणून उल्लेखच नव्हता तोच घटक काम करत होता! मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बॅटरीच्या सिरॅमिकमधे शोध नुसता फॉर्म्युल्यात नसतो, भट्टीत पेलेट कशावर ठेवली, कशाने झाकली, पावडर वजन करायच्या आधी कोरडी होती का, यात असतो. म्हणून पुढे मी रसायनांपेक्षा भांड्यांबद्दल जास्त बोललो तर आश्चर्य वाटू देऊ नका.

ॲल्युमिनियमने नेमकं केलं काय? शुद्ध एलएलझेडओमधे दर फॉर्म्युल्याला ७ लिथियम असतात आणि खोलीच्या तापमानाला ते सगळे आपापल्या ठरलेल्या जागी बसलेले असतात. चौकटीतल्या चकत्या सरकवायचं ते आकड्यांचं कोडं असतं ना, त्यात एक घर रिकामं असतं म्हणून चकत्या हलतात, ते घर भरून टाकलं तर कोडं जागच्या जागी अडकेल, तसंच हे. ॲल्युमिनियमचा चार्ज +३, त्यामुळे एक ॲल्युमिनियम आत आलं की तीन लिथियम बाहेर जातात आणि दोन घरं रिकामी होतात. आता हे काम क्रुसिबलच्या भरवशावर सोडायचं कशाला, मुद्दाम टँटॅलम घालूया. झिर्कोनियम +४, टँटॅलम +५, म्हणून जितकं टँटॅलम तितकी घरं रिकामी. ०.६ टँटॅलम घातलं की लिथियम ७ वरून ६.४ वर येतं, आणि याच प्रमाणाने २०१२ मधे साधारण १ मिलिसीमेन्सपर्यंत मजल गेली. आपण हेच करायचं: लिथियम ६.४, लँथॅनम ३, झिर्कोनियम १.४, टँटॅलम ०.६, ऑक्सिजन १२. आणखी एक फायदा म्हणजे टँटॅलम लिथियमच्या जागेवर बसत नाही, वाट मोकळी राहते, ॲल्युमिनियम मात्र लिथियमच्याच रस्त्यात ठाण मांडतं.

१० ग्रॅम तयार मालासाठी वजनं अशी. लिथियम कार्बोनेट २.६६ ग्रॅम लागतं, त्यात १० टक्के जास्तीचं धरून २.९२ ग्रॅम घ्या. लँथॅनम ऑक्साइड ५.५० ग्रॅम, झिर्कोनियम ऑक्साइड १.९४ ग्रॅम, टँटॅलम ऑक्साइड १.४९ ग्रॅम. एकूण ११.८५ ग्रॅम. हा एकूण आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता लँथॅनम ऑक्साइड. हे मटेरियल हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड सतत पीत असतं, बाटली दोन महिने जुनी असेल तर आत लँथॅनम हायड्रॉक्साइड आहे असंच समजा. पूर्ण हायड्रॉक्साइड झालेली ५.५० ग्रॅम पावडर घेतलीत तर खरं ऑक्साइड फक्त ४.७२ ग्रॅम पडतं, म्हणजे लँथॅनम १४ टक्के कमी, मग पुढे कितीही काळजी घ्या, फेज (म्हणजे हवी ती एकच रचना) शुद्ध येणं अशक्य. म्हणून आदल्या रात्री ९०० डिग्रीला १२ तास भाजायचं, भट्टी २०० च्या आसपास उतरली की काढून थेट डेसिकेटरमधे (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात), आणि थंड झाल्या झाल्या सगळ्यात पहिलं वजन लँथॅनमचं करायचं. माझ्या पहिल्या बॅचमधे मी हे केलं नव्हतं. पेलेट दिसायला सुरेख आल्या, आणि पाच-सहा दिवसांनी डबी उघडली तर आत नुसती पावडर. न मिसळलेलं लँथॅनम ऑक्साइड आत राहिलं होतं, ते पाणी ओढून फुगलं आणि पेलेट आतून फोडली. तेव्हा कोणाकडे पेलेट अशी आपोआप कोसळत असेल तर भट्टीला दोष देण्याआधी ही बाटली तपासा.

मिक्सिंगला प्लॅनेटरी बॉल मिल असेल तर उत्तम, बॉल झिर्कोनियाचे घ्या, जार पण तोच, झिजून आत काही गेलंच तर निदान आपल्याच कुटुंबातलं जातं. ॲल्युमिनाचे बॉल वापरलेत की पुन्हा तीच नकळत ॲल्युमिनियमची गोष्ट सुरू. द्रव म्हणून आयसोप्रोपॅनॉल, पाणी अजिबात नाही, पाण्यात लिथियम विरघळतं आणि वाळताना कडेला वेगळं जमा होतं. ८ ते १२ तास पुरतात, मधेमधे थांबवून जार थंड होऊ द्या. मिल नसेल तर अगेटच्या खलात तासभर मनापासून घोटा, पहिल्या भाजणीनंतर परत घोटून परत भाजावं लागेल एवढंच.

पहिली भाजणी ९०० ते ९५० डिग्रीला, ८ ते १२ तास. कार्बोनेट ७२३ डिग्रीला वितळतं, त्यामुळे तापमान सावकाश चढवा, मिनिटाला ३ डिग्री पुरे, आणि क्रुसिबल अर्धीच भरा. क्रुसिबल मॅग्नेशियाची (मॅग्नेशियम ऑक्साइडची) मिळाली तर तीच घ्या, ॲल्युमिनाची असेल तर तळाला आणि कडेला चिकटलेला थर खरवडून वापरू नका, मधला भागच घ्या. भाजून झाल्यावर वजन करा. सगळ्या कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून गेला तर १.७४ ग्रॅम कमी व्हायला हवं, म्हणजे ११.८५ चं साधारण १०.१ व्हायला पाहिजे. त्यापेक्षा बरंच जास्त भरलं तर कार्बोनेट शिल्लक आहे, परत भाजा. हा फुकटचा चेक आहे, मशीनची वाट बघायला लागत नाही, आणि तरी फार थोडे लोक करतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग एक्सआरडी. नेहमीच्या कॉपरच्या एक्स-रेने बघताना १६.८, २५.७, २७.५ आणि ३०.९ डिग्रीच्या आसपास ठळक पीक दिसतात. दोन गोष्टींकडे लक्ष द्यायचं. पीक दुभंगलेली दिसली तर टेट्रागोनल. आणि २८.६ च्या आसपास आगंतुक पीक दिसलं तर लँथॅनम झिर्कोनेट, पायरोक्लोर म्हणतात ते, म्हणजे लिथियम कमी पडलंय. या टप्प्यावर थोडं पायरोक्लोर असेल तर घाबरू नका, सिंटरिंगच्या (दाबलेली पेलेट भाजून घट्ट करायच्या) वेळी लिथियमवाल्या पावडरीत ठेवल्यावर बऱ्याचदा जातं, पण मुख्य पीकइतकंच उंच झालं असेल तर बॅच सोडून द्या, वेळ वाचेल.

पावडर परत मिल करून बारीक करायची, जितकी बारीक तितकं सिंटरिंग सोपं. १२ मिलिमीटरच्या डायमधे साधारण ०.७ ग्रॅम टाका. प्रेसवर टन दिसतात आणि पेपरमधे मेगापास्कल लिहिलेले असतात, त्यात खूप जण गोंधळतात, तर १२ मिलिमीटरला १ टन म्हणजे सुमारे ८७ मेगापास्कल, २ टन पुरे. जास्त दाबलं की जास्त चांगलं असं नसतं, दाब काढताना पेलेटचं वरचं झाकण टोपीसारखं सुटून येतं, आडवी चीर दिसली की समजायचं दाब जास्त झाला किंवा घाईने सोडला. दाब दोन मिनिटं धरून मग हळू सोडा. पाण्यातला पीव्हीए बाइंडर (पावडर चिकटून राहावी म्हणून घालतात तो) वापरायची सवय असेल तर इथे विसरा, हे गार्नेट पाण्याशी रिअ‍ॅक्ट होतं.

आता खरी भट्टी, आणि इथे थोडं थांबून हिशेब समजून घ्या. ०.६८ ग्रॅमच्या पेलेटमधे लिथियम किती असतं? ५ टक्के, म्हणजे ३४ मिलिग्रॅम. ११५० डिग्रीला लिथियम उडून जात असतं, आणि त्यातले नुसते तीन-साडेतीन मिलिग्रॅम गेले की आपण घातलेलं १० टक्के जास्तीचं लिथियम संपलं! छोटी पेलेट, मोठी भट्टी, उघडं तोंड असं ठेवलंत तर काही तासांत पृष्ठभागावर पायरोक्लोरचा थर चढणार, ज्यातून लिथियम जवळपास जातच नाही. त्यावर उपाय म्हणजे पेलेटला तिच्याच पावडरीत पुरायचं. मदर पावडर म्हणतात तिला, तोच फॉर्म्युला, पहिली भाजणी झालेली, १० टक्के जास्त लिथियमवाली. क्रुसिबलमधे खाली दोन-तीन मिलिमीटरचा थर, त्यावर पेलेट, वरून पूर्ण झाकेल इतकी पावडर, आणि वर घट्ट बसणारं झाकण. पेलेट क्रुसिबलला कुठेही टेकता कामा नये. मदर पावडरीतून निघालेली लिथियमची वाफ आत साचते, त्यामुळे पेलेटमधून बाहेर पडायला तिला घाई राहत नाही. ही पावडर एकदा वापरली की तिचंही लिथियम कमी झालेलं असतं, दुसऱ्यांदा फार तर वापरा, पाच-पाच वेळा तीच वापरून मग पेलेट खराब का येतायत म्हणून डोकं धरून बसलेले लोक मी बघितलेत.

क्रुसिबल इथेही मॅग्नेशियाचीच बरी. ॲल्युमिना घेतली तर लिथियम तिला खातं, लिथियम ॲल्युमिनेट होतं, ॲल्युमिनियम आत सरकतं आणि आपण टँटॅलमने जे नीट जुळवलं होतं त्यात भेसळ होते. ११५० डिग्रीला ६ तासांपासून सुरुवात करा, चढताना उतरताना मिनिटाला ३ ते ५ डिग्री. घनता कमी आली तर आधी वेळ वाढवा, मग २०-३० डिग्रीने तापमान. दोन्ही एकदम बदलू नका. लिथियम जास्तीचं १० ऐवजी २० टक्के घातलं तर प्रश्न सुटेल असं वाटतं, पण तसं नाही, जास्तीचं लिथियम वितळून ग्रेनच्या (सिरॅमिकमधल्या स्फटिककणांच्या) मधे साचतं, काही ग्रेन अवाढव्य वाढतात, आणि अशी पेलेट हवेत लवकर बिघडते.

पेलेट बाहेर आली की घनता. पाण्यात बुडवून मोजायची नाही, इथेनॉल घ्या किंवा सरळ मोजपट्टीने. उदाहरण देतो: व्यास १०.२ मिलिमीटर, जाडी १.६ मिलिमीटर, वजन ०.६८ ग्रॅम, आकारमान ०.१३१ घन सेंटिमीटर, म्हणजे घनता ५.२. या फॉर्म्युल्याची पूर्ण घनता साधारण ५.४५ धरा, तर आपण ९५ टक्क्यांवर आहोत. ९० च्या खाली असेल तर इम्पिडन्सवर वेळ घालवू नका. १२ चा व्यास १०.२ वर आला, म्हणजे १५ टक्के आक्रसली, हे चांगलं लक्षण आहे, जेमतेम पाच-सहा टक्के आक्रसली असेल तर मोजायच्या आधीच कळतं की नीट भाजली गेली नाही.

पॉलिश कोरडंच करा, ४०० पासून २००० पर्यंत सॅंडपेपर, फार तर आयसोप्रोपॅनॉल, तोंडाला मास्क. बाहेरचं कातडं जायला पाहिजे, साधारण ०.०५ मिलिमीटर दोन्ही बाजूंनी. आणि पॉलिश झालेली पेलेट हवेत सोडून जेवायला जाऊ नका. हवेतलं पाणी पेलेटमधलं लिथियम ओढून घेतं आणि स्वतःचं हायड्रोजन आत ढकलतं, बाहेर लिथियम हायड्रॉक्साइड, मग कार्बन डायऑक्साइडने त्याचं कार्बोनेट. या पातळ थरामुळे वितळलेलं लिथियम पेलेटवर पसरतच नाही, अळवावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन बसतं. कितीतरी वर्षं लोकांना वाटत होतं की गार्नेट आणि लिथियम यांचं मुळातच जमत नाही. मग २०१७ मधे मिशिगनच्या साकामोटोंच्या ग्रुपने पृष्ठभाग साफ करून, ५०० डिग्रीला निष्क्रिय वायूत तापवून दाखवलं, तर इंटरफेसचा (दोघं जिथे टेकतात तिथला) रेझिस्टन्स २ ओहम चौरस सेंटिमीटरवर आला. त्याच वर्षी मेरीलँडमधे वाच्समन आणि हू यांच्या ग्रुपने ॲल्युमिनाचा अतिपातळ थर चढवून १७१० वरून १ वर आणला. बघा, तेच ॲल्युमिना, आत नकळत गेलं तर भेसळ, वर मोजून चढवलं तर औषध. ज्यांच्याकडे असा थर चढवायचं मशीन नाही त्यांच्यासाठी पेन्सिलीचं ग्रॅफाइट घासायची युक्तीही आहे आणि ती खरंच चालते.

इम्पिडन्ससाठी दोन्ही बाजूंना सोन्याचा थर, नसेल तर सिल्व्हर पेस्ट. १ मेगाहर्ट्झ ते १ हर्ट्झ, जास्त वर जाता आलं तर अजून छान. एक अर्धवर्तुळ आणि मग वर जाणारी तिरपी रेघ दिसायला हवी. रेघ दिसली म्हणजे आयनच फिरतायत, इलेक्ट्रॉन नाही. अर्धवर्तुळ जिथे रेघेला भेटतं तिथला रेझिस्टन्स घ्या. रेझिस्टन्स आणि क्षेत्रफळाचा गुणाकार करायचा आणि जाडीला त्याने भागायचं, एवढंच गणित. ०.१५ सेंटिमीटर जाडी, ३०० ओहम, ०.८२ चौरस सेंटिमीटर, उत्तर ०.६१ मिलिसीमेन्स. क्षेत्रफळ इलेक्ट्रोडचं घ्यायचं, पेलेटचं नाही, आणि व्यासाच्या जागी त्रिज्या टाकून चारपट कमी-जास्त उत्तर काढणं ही चूक दर बॅचला कुणीतरी करतंच. मग २५ ते ८० डिग्रीपर्यंत मोजून ॲक्टिव्हेशन एनर्जी (आयनला एका जागेवरून दुसरीकडे उडी मारायला लागणारी ऊर्जा) काढा, ०.३ ते ०.४ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या बाहेर गेली तर इलेक्ट्रोडचा संपर्क तपासा.

लिथियम लावून सेल केलात तर करंट फार हळू वाढवा, ०.०५ मिलिॲम्पिअर प्रति चौरस सेंटिमीटरपासून, पायरीपायरीने. व्होल्टेज अचानक कोसळलं की डेंड्राइट (लिथियमचा सुईसारखा वाढलेला फाटा) आरपार गेला. २००५ मधे मनरो आणि न्यूमन यांनी गणिताने मांडलं होतं की लिथियमच्या साधारण दुप्पट कडकपणा असेल तर डेंड्राइट थोपवला जाईल, आणि हे गार्नेट तर त्याहून कितीतरी कडक, तरीही लिथियम ग्रेन बाउंडरीतून आणि बारीक भेगांतून वाट काढतंच. म्हणून घनता आणि पॉलिश यावर मी एवढा अडून बसतो, पृष्ठभागावरचा एक ओरखडा पुरतो.

उरलेल्या पेलेट आर्गॉनच्या ग्लोव्हबॉक्समधे ठेवा आणि प्रत्येक पाकिटावर तारीख, बॅच, भट्टीचं तापमान याच्याबरोबर क्रुसिबल कशाची होती, मदर पावडर कितव्यांदा वापरली आणि लँथॅनम ऑक्साइड शेवटचं कधी भाजलं तेही लिहा, कारण सहा महिन्यांनी एखादी पेलेट अचानक फार चांगली निघाली तर तशीच परत बनवायला तेच लागणार आहे.